झोपून बघा

माझे मामा गाद्या विकायचे. 'विकायचे' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मी गादी दाखवतो," ते म्हणायचे, "घेणारा आपणहून घेतो." एकोणीस वर्षं ते एकाच दुकानात होते आणि तिथे सगळे त्यांना 'अंगाई' म्हणायचे. कारण त्यांचा आवाज. घोगरा, संथ, प्रत्येक शब्दापाशी जरा रेंगाळणारा. "टेका जरा. डावा खांदा सैल सोडा. आता कुठेही जायचं नाहीये, असं समजा." एवढं त्यांनी म्हटलं की धडधाकट माणसंही पेंगायला लागायची. मामी सांगते, पहिल्यांदा भेटले तेव्हा तिने त्यांच्यासमोर सात जांभया दिल्या आणि या गृहस्थांना वाटलं, आपण काही हिला आवडलो नाही.

मंदीच्या वर्षातली एक दुपार आहे, जी आमच्या नात्यागोत्यात अजून सांगितली जाते. सांगताना मामांना पार संत करून टाकतात आणि मला त्याचा वीट येतो. मामा संत नव्हते. मामीचा डोळा चुकवून चहात तिसरा चमचा साखर घालणारा आणि पंख्याखालची खुर्ची कुणालाही न देणारा माणूस होता तो. त्या दुपारी मी तिथे होते, सांगणाऱ्यांपैकी दुसरं कुणीही नव्हतं, तेव्हा आता मीच सांगते.

आई गेल्यापासून मी मामा-मामींकडेच वाढले. पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. कॅटलॉग, जाहिराती, हॉटेलांची दरपत्रकं, असलं काहीबाही. त्या वर्षी लोकांनी आधी जाहिराती छापणं बंद केलं, मग कॅटलॉग, आणि मग छापखान्याने मला बंद केलं. घरात तिघं आणि पगार एकट्या मामांचा. त्या पगारावर आमचं सगळं चाललं होतं आणि तो जाऊ नये, एवढी एकच इच्छा मी रोज सकाळी डोळे उघडण्याआधी मनात म्हणून घ्यायचे.

मंदी आली, असं रेडिओवर सांगत होते. आमच्या घरी ती एका शब्दातून आली. 'बघू.' माझ्या चपला फाटल्या, बघू. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, बघू. मामीच्या चष्म्याची काडी मोडली, तिने दोरा गुंडाळला आणि स्वतःच म्हणाली, बघू. शेजारच्यांशी बोलून आम्ही वर्तमानपत्र दोघांत एक केलं; ते आमच्याकडे दुपारी यायचं, तोवर बातम्या शिळ्या झालेल्या असायच्या आणि त्यामुळे जरा कमी भीती वाटायची. साबणाचे उरलेले तुकडे मामी दाबून दाबून एक करायची. त्याला तीन रंग असायचे. बैठकीतला मोठा दिवा काढून तिने छोटा लावला, तेव्हा मामा म्हणाले, "बरोबर आहे. मंदी म्हणजे सगळं मंदच हवं." आम्ही हसलो. त्या मंद उजेडात एकमेकांचे चेहरे नीट दिसत नसत, तेही बरंच होतं.

रस्त्यावरही तसंच. माणसं हळू चालायला लागली होती. घाईने पोचावं असं कुणाला कुठे काही उरलं नव्हतं. काचांमागे दिवे कमी, दारांवर पाट्या जास्त. दुपारी तीनच्या सुमाराला तर सगळी गल्लीच कुणाच्या तरी स्वप्नात असल्यासारखी वाटायची. बस यायची, थांबायची, कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही, आणि ती निघून जायची.

अशा दिवसांत नवी गादी कोण घेणार? जुनी गादी उलटी केली की झालं. मामांच्या दुकानात चार विक्रेते होते त्याचे दोन झाले आणि मग एकटे मामा उरले. तरी दुकान रिकामं नव्हतं, आणि गंमत इथेच आहे. माणसं यायची. गाद्यांवरून हात फिरवायची, किंमत वाचून न वाचल्यासारखं करायची, आणि मामा म्हणायचे, "झोपून बघा." मग ती बूट काढायची, पायथ्याशी अंथरलेल्या प्लॅस्टिकवर पाय ठेवून आडवी व्हायची, आणि झोपायची. बघण्यापुरती नाही, खरोखरची. घरी त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरी भाडं होतं, पत्रं होती, मुलांचे प्रश्न होते. इथे पांढऱ्या पडद्यांतून गाळून आलेलं ऊन होतं, चौदा पलंग होते आणि मामांचा आवाज होता.

एक बसड्रायव्हर यायचा, त्याच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या होत्या. केस कापणाऱ्या दोघी बहिणी यायच्या, पाठीला पाठ लावून झोपायच्या. एक वयस्क शिक्षिका यायच्या, त्या झोपेत हजेरी घ्यायच्या. नाव घ्यायच्या, थांबायच्या, पुढचं नाव घ्यायच्या. कधी गेलं की मला पलंगांच्या दोन रांगा दिसायच्या, खाली जोडीजोडीने ठेवलेले बूट, आणि वर संथ श्वास. दुकानात भिंतीवर घड्याळ होतं, पण मामांनी त्याची टिकटिक त्रास देते म्हणून मागे कापूस कोंबला होता. उठलेलं माणूस ओशाळून म्हणायचं, "चांगली आहे गादी. बघू." मामा म्हणायचे, "बघा की. सावकाश." आणि चादर झटकून ताणून घ्यायचे. त्यांचा एकच नियम होता, झोपलेल्याला उठवायचं नाही. तो नियम चांगल्या दिवसांतलाही होता. झोपेतून उठवलेला माणूस कधी काही विकत घेत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

स्वतः मामा मात्र झोपत नव्हते. माझी खोली भिंतीपलीकडे, मला कूस बदललेली ऐकू यायची. मालकांचं पलीकडच्या रस्त्यावरचं दुसरं दुकान बंद झालं होतं. सोमवारी न चुकता येणारे मालक दोन सोमवार फिरकले नव्हते. मामीने विचारलं की मामा म्हणायचे, "त्यांना कामं असतात," आणि विषय बदलायचे. आम्ही तिघं अळीमिळी गुपचिळी करून जेवायचो.

त्या दुपारी मामा चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी गेले. ड्रायव्हर सहा नंबरच्या पलंगावर घोरत होता. शिक्षिकाबाईंची हजेरी चालू होती. मी मामांपाशी स्टुलावर टेकले, तेवढ्यात मालक आले.

मी त्यांना एरवी दुरून पाहिलेलं. टापटीप, ताठ माणूस. त्या दिवशी शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. त्यांनी झोपलेल्यांकडे पाहिलं. आता फुटणार, असं मला वाटलं. पण ते नुसते म्हणाले, "हे रोज येतात?"

"रोज," मामा म्हणाले.

"घेतात काही?"

"बघू म्हणतात."

मालक हसले नाहीत. कोट काढून त्यांनी मामांच्या हातात दिला, तसा द्यायचा म्हणून नाही, उकडत होतं म्हणून. कोटाच्या आतल्या खिशातून लांबट पांढरं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. त्यावर मामांचं नाव टाइप केलेलं होतं. मामांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. छापखान्यातून मला मिळालं होतं ते असंच होतं, याच आकाराचं.

"तुमच्याशी जरा बोलायचंय," मालक म्हणाले आणि बोलायला लागेनात. अकरा नंबरच्या पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी गादी हाताने दाबून पाहिली. "एवढी वर्षं विकली ही, कधी झोपलो नाही हिच्यावर."

माझे मामा काय म्हणाले असतील? सवय, दुसरं काय.

"झोपून बघा."

मालक आडवे झाले. बूटसुद्धा त्यांनी काढले नाहीत, ते मामांनी काढले. "पाच मिनिटांनी उठवा मला," मालक म्हणाले. मामांनी आवाज खाली आणला. डावा खांदा सैल सोडा. आता कुठेही जायचं नाहीये. दोन मिनिटं झाली नसतील, मालकांचं तोंड जरासं उघडं पडलं आणि ते झोपले.

पाच मिनिटं झाली. मी घड्याळाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मामा, ते उठवा म्हणालेत," मी कुजबुजले.

"थांब जरा."

"मग पाकीट तरी उघडू या. एकदा काय ते कळून जाऊ दे."

"दुसऱ्याच्या खिशातलं आहे ते," मामा म्हणाले. त्यांनी कोट हँगरला लावला आणि पाकीट आत सारलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. आपली मान कापायला आलेल्या माणसाचे बूट काढून ते जोडीने लावून ठेवतात, म्हणजे काय? मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. पण दुकानात तेवढे श्वास एका लयीत चालले होते, आणि त्या लयीत मोठ्याने बोलणं जमेना. मी स्टुलावर बसून राहिले.

मामांनी मात्र त्या दुपारी काम केलं. चष्मा लावला आणि चौदाही पलंगांवरच्या किमतींच्या चिठ्ठ्या पुसून सरळ केल्या. उशा एकेक करून थोपटून फुगवल्या. तीन नंबरच्या गादीची शिवण उसवली होती, ती सुई घेऊन घातली, बारीक टाके, पाठीमागच्या बाजूला, जिथे कुणी बघणारही नव्हतं. फोन वाजला तेव्हा पहिल्याच घंटीला रिसीव्हर उचलून त्यांनी तो उशीवर ठेवला, आणि आतून कुणीतरी बराच वेळ 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिलं. चार वाजता ड्रायव्हर उठला. मालकांना पाहून त्याने भुवया उंचावल्या, बूट हातात घेतले आणि चवड्यांवर चालत बाहेर गेला. शिक्षिकाबाई उठल्या, वाकून मालकांचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "यांना कधी पाहिलं नाही. नवीन का?" "हो," मामा म्हणाले, "आजच आले." एक जोडपं आलं, त्यांना मामांनी इतक्या हळू आवाजात स्प्रिंग आणि फोममधला फरक सांगितला की तेही कुजबुजतच 'बघू' म्हणाले. ऊन पडद्यांवरून सरकत जमिनीवर आलं, मग पलंगांच्या पायांशी, मग गेलं. मला मधेच वाटलं, असंच राहिलं तर? हा माणूस उठलाच नाही, ही दुपार अशीच चालू राहिली, आम्ही तिघं या दुकानात कायमचे असेच, तर काय बिघडलं?

सहा वाजता मालक उठले. बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

"किती वाजले?"

"सहा."

"मी पाच मिनिटं म्हटलं होतं."

"हो. गाढ लागली होती तुम्हाला."

मालक उठून बसले. चेहऱ्यावर चादरीची वळी उमटली होती, त्यामुळे ते एकदम लहान दिसत होते. "दोन महिन्यांत पहिल्यांदा झोपलो," ते म्हणाले. मग हँगरपाशी गेले, पाकीट काढलं आणि ते हातात तसंच धरून उभे राहिले. शेवटी मामांनीच हात पुढे केला.

"महिनाअखेरपर्यंत आहे ना?" मामांनी विचारलं.

"आजपर्यंत. उद्या दुकान उघडायचं नाहीये." मालकांचा आवाज फाटला. "तुमच्यासारखा माणूस मला मिळणार नाही. मला झोपू दिलंत तुम्ही."

आमच्या नात्यागोत्यातले लोक गोष्ट इथेच संपवतात. ज्याने नोकरीवर पाणी सोडायला लावलं, त्यालाच मामांनी तीन तास शांत झोपू दिलं. केवढं मोठं मन. ऐकणारे 'चक् चक्' करतात.

मीसुद्धा रस्त्यात तेच म्हणाले. दिवेलागणीची वेळ होती, निम्म्या खांबांवरचे दिवे लावणं तेव्हा बंदच केलं होतं. मामांच्या काखेत दुकानातली एक उशी होती, मालकांनी ती घेऊन जा म्हटलं होतं. मी म्हणाले, "मामा, मला नसतं जमलं. मी त्यांना उठवून जाब विचारला असता. तुमचं मन मोठं आहे."

"कसलं मोठं मन?" मामा म्हणाले. "पाकीट दिसलं ना मला. तीन वाजता उठवला असता तर तीन वाजता नोकरी गेली असती. तो झोपला होता तोवर होती." थोडं चालून ते म्हणाले, "तीन तास मिळाले मला. चांगलं काम झालं आज."

कोपऱ्यावर आम्ही घराकडे वळणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"जरा हळू चल," ते म्हणाले. "तुझ्या मामीच्या लेखी मी अजून दुकानात आहे."

आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो.