गुळणीचं तीर्थ

चहा खाली ठेवा आधी. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, आणि तो डाग अजून माझ्या सोफ्यावर आहे.

आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पहिली तारीख हुकली, ती कुणामुळं? माझ्यामुळं! मी शाळेतून सर्दी घेऊन आले आणि त्यांना प्रेमानं दिली. डॉक्टरांनी महिनाभर पुढं ढकललं. तेव्हापासून अख्ख्या भावकीत माझी ओळख एकच, ‘सर्दीवाली सून’.

म्हणून या वेळी मी पेटून उठले होते. नगरचं हॉस्पिटल, त्यात फ्लूची साथ. आमच्या वॉर्डच्या रूथ सिस्टरांनी दारातच आयोडीनच्या औषधाची बाटली ठेवलेली. पाणी घालून तयार केलेलं, तपकिरी. आत येणाऱ्यानं मास्क लावायचा आणि त्याआधी गुळणी करायची.

“ह्यानं खरंच फ्लू अडतो का हो?” मी विचारलं.

“शंभर टक्के कोण सांगणार, ताई? पण तोंड स्वच्छ राहतं. मास्क मात्र सोडू नका. आणि उद्या सकाळी ऑपरेशन आहे. खोलीत कुणी खोकताना दिसलं, तर मी डॉक्टरांना सांगणार.”

“तुम्ही निर्धास्त राहा. दाराची जबाबदारी माझी!”

आली दुपारी अकोल्याहून जीप. चुलत सासरे तात्या, दोन चुलत जावा, त्यांची पोरं, शेजारी... मोजून नऊ माणसं! पेशंटला भेटायला एकट्यानं जायचं असतं का कधी आपल्याकडं?

“थांबा! आधी औषध!” मी दारात आडवी.

आणि बघते तर गुळणीचे कागदी कप संपलेले. कसे संपले? सकाळी पुण्याच्या नणंदेच्या मंडळींना मीच त्या कपांतून चहा पाजलेला. अख्ख्या वॉर्डात सरबराई केलेली, काय सांगू!

पण मी डोकं चालवलं. चमचा घेतला आणि म्हटलं, “हात पुढं करा, हातावरच देते.”

झालं. तात्यांनी चपला काढल्या. टोपी काढून काखेत मारली. जावांनी पदर डोक्यावर घेतले. नऊ जणांची रांग, उजवा हात पुढं, खाली डावा हात. मला वाटलं, काय शिस्त आहे माणसांना! आमच्या सातवीच्या वर्गाला दाखवायला पाहिजे.

मी चमचा चमचा घालत गेले. शेवटच्या पोराच्या हातावर घालून मागं वळते तर काय? सगळ्यांनी ते पिऊन टाकलेलं! आणि ओला हात डोक्यावरून फिरवलेला! तात्यांचं टक्कल तांब्याच्या हंड्यासारखं चमकत होतं.

“कडू हाय गं सूनबाई,” तात्या म्हणाले. “कुठल्या देवाचं म्हनायचं?”

“अहो तात्या, थुंका! थुंकायचं होतं ते!”

“तीर्थ थुकू? येडी का काय तू?”

आणि तिथंच त्यांना ठसका लागला. त्यांचं बघून पोरांना लागला. एक जाऊ तर दाराला धरून खोकायला लागली. सिस्टर पळत आल्या.

“कोण खोकतंय?”

सगळेच! आता दुसरी तारीखही माझ्याच नावावर जाणार! मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं.

सिस्टरांनी आधी कुणाला थायरॉइड आहे का ते विचारलं, सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. मग माझ्याकडं वळल्या. “चमचाभरानं काही होत नाही. पण तुम्ही नेमकं दिलंत कसं?”

“असं,” म्हणत मी हात पुढं केला. त्यांनी वर चमचाभर घातलं.

आणि मी काय करावं?

प्यायले. वर हातही फिरवला डोक्यावरून. भांगात!

सिस्टरांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आतून सासूबाईंच्या खाटेचा करकर आवाज येत होता, इतक्या हसत होत्या त्या.

“ऑपरेशन होईल ना हो?” मी विचारलं.

“होईल. हा ठसका औषधाचा आहे, आजाराचा नाही. पण तुम्ही सगळे खाली जाऊन बसा. ताई, तुम्ही तर आधी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना स्ट्रेचरवरून नेत होते. मी लिफ्टपासून जरा लांब उभी. दोनदा केस धुऊनही भांग तपकिरीच.

“आजी, भीती वाटतेय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई. ही भाईर हाय नव्हं? मग कशाची भीती!”

डॉक्टरांनी माझ्या भांगाकडं पाहिलं. कालचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं दिसत होतं. हसू दाबत म्हणाले, “ताई, तुम्ही शिक्षिका ना? काय शिकवता?”

मी क्षणभर विचार केला. “मराठी.”

लिफ्टचं दार बंद होता होता स्ट्रेचरवरून आवाज आला, “लबाड बोलती हो डाक्टर! इज्ञान शिकिवती ती!”