अप्पांनी बसवलेली चाकं

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस आहे. राग कायम नाकावर आणि तोंडाला कुलूप नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर हेल्मेट घालून बोलावं. नांदेडात दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर लोक मापं पाठवतात, मी कवळ्या आणि कॅपा करून देतो. अर्ध्या गावाचे जबडे मला ठाऊक आहेत, चेहरे ठाऊक नाहीत. या कामाला हात शांत लागतो, तो माझा आहे. डोकं तेवढं नाही.

मला एक नाद आहे, तोही सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरनंच झालं. मी बोटाएवढे रोबो बनवतो. वाफेवर चालणारे. म्हणजे चालत काही नाहीत, तसे दिसतात. पोटाला बॉयलर, पाठीवर धुराडं, छातीवर पितळी चाकं. कोळशाच्या इंजिनांच्या जमान्यात कुणी यंत्रमानव केले असते तर ते असे दिसले असते, अशी कल्पना. ते शोकेसमध्ये ठेवायला नसतात. प्लायवुडवर रणांगण मांडायचं, टेकड्या, पडकी घरं, आणि दोघांनी आपापली फौज घेऊन टेपनं अंतर मोजत, फासे टाकत लढायचं. नांदेडात हा खेळ खेळणारे आम्ही मोजून चौघं. बाकीच्यांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे.

याचं तयार सामान आपल्याकडं मिळत नाही, म्हणून मिळेल त्यात भागवायचं. पेनातली स्प्रिंग, इंजेक्शनच्या सुईची टोपणं, लॅबमधली तार. माझ्या सगळ्यात मोठ्या रोबोचा बॉयलर तर शेजारणीनं माहूरहून आणलेल्या कुंकवाच्या डबीचा आहे. चाकं मात्र अप्पांची.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं एका गल्लीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन पायऱ्या, एक काचेची पेटी आणि पेटीमागं अप्पा. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि नंतर दिवसभर डोळ्याला भिंग. आमच्यात सगळे आडतवाले नाहीतर किराणावाले. हे एकटेच घड्याळजी निघाले आणि त्याचा त्यांना मोठा ताठा होता. आई गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी दुकान बंद केलं आणि मी त्यांना नांदेडला घेऊन आलो. "मोबाइल आले, आता घड्याळ कोण घालतंय," असं ते सगळ्यांना सांगायचे. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, दारावरच्या भाजीवालीलासुद्धा. मीही शेजारी उभा राहून मान डोलवायचो.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका गिऱ्हाइकाचं लग्नातलं घड्याळ उघडताना त्यातली केसाएवढी स्प्रिंग अप्पांच्या हातून मोडली. त्या माणसाची त्यांनी माफी मागितली, आणि त्याच महिन्यात शटर ओढलं ते कायमचं. हे मला शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. अप्पांनी कधीच नाही. मोबाइलची गोष्ट त्यांनी स्वतःसाठी रचली होती आणि तिला धक्का लावायचा नाही, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट सांगितली. हात रिकामा असला की जास्त हलेल, काही धरलं, काही केलं की कमी होईल. घरी आल्यावर आम्ही बघितलं तर तसंच होतं. मांडीवर ठेवलेला हात सारखा थरथरायचा आणि पेला उचलायला पुढं केला की बऱ्यापैकी थांबायचा.

लातूरहून येताना त्यांनी बिस्किटाचे तीन पत्र्याचे डबे आणले होते, मेलेल्या घड्याळांच्या चाकांनी भरलेले. एका रविवारी मी त्यातली चाकं रोबोच्या छातीवर चिकटवत बसलो होतो. अप्पा मागं येऊन उभे राहिले.

"काय करायलास?"

"चाकं लावतोय."

"ह्याचे दाते त्याच्या दात्यात बसले न्हाईत."

"अप्पा, ते फिरवायचं नाही. नुसतं दिसायला आहे."

"दिसायला?" त्यांनी असं तोंड केलं, जसं काही मी दुधात पाणी घालतोय. "चाक हाय तर फिरलं पायजे. न्हाईतर गुंड्या लाव की शर्टाच्या."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. खुर्ची ओढून ते बसले, खिशातून भिंग काढलं, चिमटा मागितला. कोपर टेबलावर रोवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. चिमट्यात चाक आलं आणि हात थांबला. पूर्ण नाही, पण पुरेसा. त्यांनी मी लावलेली चाकं खरवडून काढली, टाचणीएवढ्या खिळ्यांवर तीन चाकं एकमेकांत अडकवली आणि पहिल्याला नखानं ढकललं. तिन्ही फिरली.

"असं," ते म्हणाले.

तिथून पुढं पाच-सहा महिने आमच्या घरात जे होतं, त्याला मी आज सुख म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा फार वेळ घेतो. मी लॅबमधून यायचो तर अप्पा टेबलाशी बसलेले असायचे. मी धड तयार करून साबणानं धुऊन ठेवायचो, ते त्याला चाकं बसवायचे. मग ती चाकं काढून मी धडाला, रंग धरावा म्हणून, अस्तराचा फवारा मारायचो, त्यावर रंग, गंज, काजळी, आणि रंग वाळला की चाकं परत जागेवर. अप्पा जेवायला लागले, चार माणसांत बोलायला लागले. आमच्या खेळातला एक दोस्त एसी दुरुस्तीचं काम करतो. तो आला की आधी त्यांच्याकडं जायचा. "चाचा, मेरे वास्ते बी एक करो ना." अप्पा त्याला म्हणायचे, "नंबर लाव." मला चिडवायचे, "तू दात बसव, मी दाते बसवतो. आपलं खानदानच दातांत गेलं." बायको सांगायची की मी घरी नसताना ते तिला पहिल्यापासून सगळे रोबो दाखवतात, एकेक चाक फिरवून. ती रोज नव्यानं बघायची.

हैदराबादला या खेळाच्या लोकांचा एक मेळावा असतो. त्या वर्षी आम्ही दोघं दोस्त जाणार होतो. फौज बारा रोबोंची पाहिजे आणि सगळे रंगवलेले, हा तिथला नियम. मी महिनाभर दुसरं काही केलं नाही. मोठा रोबो तर अप्पांनी पंधरा दिवस घेऊन बसून केला होता. त्याच्या छातीत सात चाकं होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेवटची चाकं बसवायला मोठा रोबो हातात घेतला, तर अंगठ्याखाली रंग सरकला. दुधावरची साय सरकते तसा. छातीवरचा सगळा तुकडाच निघून आला. खाली प्लॅस्टिक चकचकत होतं. दुसरा उचलला, त्याचंही तेच. तिसऱ्याचंही. बाराच्या बारा. बोट नाकाशी नेलं तर वास ओळखीचा आला. लहानपणी अप्पांच्या शर्टाला तोच वास असायचा.

"अप्पा, तुम्ही ह्याला काय लावलं?"

"तेल दिलं की," अप्पा म्हणाले. अगदी सहज, थोडे खुशीतच. "सुईच्या टोकावर येतं तेवढं. प्रत्येक खिळ्याला."

"तेल? कशाला?"

"चाक कोरडं सोडत न्हाईत."

आता सांगतो. चूक माझीच होती. एरवी चाकं काढल्यावर मी धड परत एकदा धुवायचो, या बारांच्या वेळी घाईत धुतलं नाही. आणि घड्याळजी चाक बसवणार आणि तेल देणार नाही, हे होईल का? जन्मभर ज्या माणसानं हेच केलं, त्याला मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं की तेलावर रंग धरत नाही. मला वाटलंच नाही सांगावंसं. पण हे सगळं शहाणपण नंतरचं. त्या दुपारी माझं डोकं सटकलं.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं, कारण ते मी ओरडून बोललो नाही, सावकाश बोललो. "मोबाइलमुळं दुकान बंद पडलं म्हणून जगाला सांगत फिरता. कशामुळं पडलं ते मला ठाऊक आहे. ते लग्नातलं घड्याळ कुणी मोडलं, तेही ठाऊक आहे. तुमचा हात गेलाय अप्पा. आता कशाला हात लावू नका."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अप्पा म्हणाले, "बरं." डोळ्याचं भिंग काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, डबीत ठेवलं. डबीचं झाकण नीट लागेना, ते त्यांनी दोनदा लावलं. मग उठून आतल्या खोलीत गेले.

मी हैदराबादला गेलो. हो, गेलो. दोस्तानं वाटेत विचारलं, "क्या हुआ रे, मुंह कायको लटकाया?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा को ऐसा बोल्या तू?" कशीबशी रंगाची ठिगळं मारलेले ते रोबो तिथं मांडले. सगळे डाव हरलो. त्या गर्दीत माझ्या फौजेकडं कुणी दोन मिनिटंही बघितलं नाही, आणि यासाठी मी घरी ते बोलून आलो होतो.

परत आलो तेव्हा अप्पा ओसरीत बसलेले होते, उपरणं हातांवर गुंडाळून. उन्हाळ्याचे दिवस आणि हात उपरण्यात. आतून ते सारखं हलताना दिसत होतं.

त्यानंतर त्यांनी घरातल्या कशालाच हात लावला नाही. बायकोनं तुरीच्या शेंगा सोलायला पुढं ठेवल्या, तर म्हणाले, "उद्या बघू." भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर म्हणाले, "दुकानात देऊन ये." चहाची बशी तिनं धरायची आणि त्यांनी प्यायचं. काही धरलं की हात थांबतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते काही धरतच नव्हते. त्यामुळं हात दिवसभर थरथरायचा, आणि प्रत्येक वेळी मला दिसायचा. माझ्याशी बोलणं मात्र नेहमीसारखं होतं. जेवलास का, लॅबला उशीर झाला का. तेच जास्त लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या घरात बापाला कुणी "चुकलं" म्हणत नाही. ती रीतच नाही. दिवाळीत पाडव्याला पाया पडायचं आणि वर्षभराचं सगळं त्यात आलं, असं दोघांनी समजायचं. मी पाडव्याची वाट बघितली. सकाळी आंघोळ करून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठलोच नाही. दरवर्षी ते डोक्यावर हात ठेवतात. मी वाट बघत राहिलो. वरून आवाज आला, "असू दे, असू दे." हात आला नाही. मी डोकं वर केलं तर दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

तेव्हा मला कळलं की ते रुसलेले नाहीत. मी बोललो ते त्यांना पटलेलं होतं. माझ्या डोक्याचंसुद्धा आपल्या हातानं काही बिघडेल, असं त्यांना वाटत होतं.

मग मी एक डाव केला. एक नवा रोबो घेतला आणि मुद्दाम त्याची चाकं चुकवली. एक तिरकं, एक उलटं, दोघांत तांदळाएवढी फट. अप्पांना अशी चाकं बघवत नाहीत. दुकानात दुसऱ्या कुणी केलेलं असं काम आलं की ते गिऱ्हाइकासमोर त्याचा उद्धार करायचे. वाटलं, शिव्या देतील, खरवडतील, माझ्या हातातनं हिसकावून घेतील. चिमटा मी त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला, भिंगाची डबी उघडून ठेवली आणि रोबो पुढं केला.

"बघा बरं अप्पा, जमलंय का."

त्यांनी रोबोकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांची नजर त्या तिरक्या चाकावर थांबली, तिथून उलट्या चाकावर गेली, परत तिरक्यावर आली. उजवा हात मांडीखालून निघाला. मला वाटलं, आलं, आता आलं. हात चिमट्यापर्यंत पोचला नाही. डाव्या हातानं त्यांनी तो धरला आणि परत मांडीखाली सरकवला.

"छान झालंय," अप्पा म्हणाले. "लई छान केलंस."

आणि हसले, माझ्यासाठी. तो रोबो घेऊन मी मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. माघात अप्पा गेले. तोवर ते मला रोज विचारायचे, नवीन काही केलंस का, आणि मी जे दाखवीन त्याला छान म्हणायचे.