शांतता कमिटीतले आबा

पोलीस ठाण्यात काही काम नसताना, इस्त्रीचा सदरा घालून, हौसेनं जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही. मूळचे कन्हेरीचे; पण त्यांची डाळिंबाची बाग इंदापूरकडच्या एका बाजारगावात आहे आणि तिथल्या शांतता कमिटीत ते वर्षानुवर्षं होते. सणवार जवळ आला की ही कमिटी ठाण्यात भरते. सगळ्या धर्मांची चार-चार माणसं येतात, साहेब बोलतात, चहा होतो, सगळे घरी जातात. आबांना एवढ्यावर भागत नसे. ते खुर्च्यांपासून सुरुवात करत. हिंदू एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला बसलेले दिसले की, "हे काय वऱ्हाड हाय व्हय? नवरीकडचं हिकडं, नवऱ्याकडचं तिकडं?" म्हणत एकेकाचा दंड धरून जागा बदलायला लावत. एकदा तर त्यांनी खुद्द साहेबांना मौलवीसाहेब आणि भजनी मंडळाचे बुवा यांच्या मधोमध नेऊन बसवलं. साहेब बसलेही.

आबा सगळ्यांना अहोजाहो करत. वाटेत आडव्या आलेल्या बैलालासुद्धा, "अहो, सरका की जरा!" पोलिसांनी लोकांना अरेतुरे करू नये, ही मागणी ते दर बैठकीला करत; आणि त्याच दमात, "ह्या हवालदारांना गेल्या म्हैन्यात एक तरी सुट्टी दिली का, सायेब?" असंही विचारत. हवालदार मान खाली घालून हसत. साहेब हसत नसत. मी वालचंदनगरहून स्कूटरवर जाऊन आबांना ठाण्यावर न्यायचो आणि मागच्या खुर्चीत बसून ही सगळी गंमत बघायचो.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं. बाजार बंद झाला आणि दुपारी दगडफेक झाली. आबांचा माल घेणारे व्यापारी बागवानभाई, त्यांचा गाळा फुटला. पोलिसांनी उचललं मात्र त्यांच्याच धाकट्या भावाला, सलीमला. दगडफेक झाली तेव्हा सलीम आबांच्या बागेत क्रेट भरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा ठाण्यात गेले. "माझा जबाब लिवून घ्या. सलीमभाई माझ्यापाशी हुते."

"आबा, तुम्ही यात पडू नका," साहेब म्हणाले.

आबा दिवसभर बाकावर बसून राहिले. आतून ओरडणं ऐकू आलं, तेव्हा बाहेरच्या हवालदारानं उठून पंखा मोठा केला. हे आबांनीच मला सांगितलं. जबाब कुणीच लिहून घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सलीम लंगडत घरी आला. आबांच्या भावकीत विचारणा सुरू झाली, "आबा, तुमी नेमके कुनाकडचे?"

आठवड्यानं कमिटी भरली. त्या दिवशी आबांनी एकही खुर्ची हलवली नाही. साहेब म्हणाले, गावात आता पूर्ण शांतता आहे. आबा उठले.

"सायेब, सलीमभाईंना कशापायी मारलं? ते तितं नव्हतंच. मी सांगाया आलो हुतो."

शेजारी बसलेल्या बागवानभाईंनी आबांचा सदरा हळूच ओढला. "बसा, आबा. आमाला हितंच ऱ्हायचंय."

आबा उभेच होते. त्यांनी एकेकाकडं पाहिलं. मौलवीसाहेब, बुवा, हवालदार, शेवटी माझ्याकडं. मग ते बसले. बोलणं अर्धं टाकून बसलेले आबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. नंतर चहा आला.

सलीम आता पुण्याकडं कुठंतरी टेम्पो चालवतो. बागवानभाई अजूनही आबांचाच माल घेतात. दोघं बांधावर बसून एका फडक्यातली भाकरी खातात, तो विषय कधी काढत नाहीत. कमिटीचं बोलावणं येतं. आबा जात नाहीत. मागच्या महिन्यात बागेत गेलो होतो, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "त्या दिवशी मी खाली बसाया नको हुतं."

"मी तर उठलोच नव्हतो, आबा."

बराच वेळ ते कात्रीनं फांद्या छाटत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या, जावईबापू. भाचीला डाळिंबं घेऊन जावा." आणि माझ्याकडं न बघता, चांगली चांगली निवडून, पिशवी भरू लागले.