भिंतीवरची मूठभर माती

आमच्या दफनभूमीच्या भिंतीवर मूठभर माती पडून होती. मघाशी शांतवनला पुरलं, तेव्हा त्याचा थोरला भाऊ ती हातात घेऊन फाटकाबाहेर उभा होता. शांतवनने बाप्तिस्मा घेतल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तरी म्हातारा आला, नेहमीसारखं कपाळाला गंध लावून.

"रामाचं नाव घेऊन माती टाकू का?" त्याने मला विचारलं.

"इथं ते चालत नाही, दादा." चर्चचा पंच आहे ना मी!

"नाव घेतल्याशिवाय मला नाही जमायचं," म्हणाला आणि बाहेरच थांबला. आत आम्ही प्रभूच्या प्रीतीचं गीत चारही कडव्यांसकट म्हटलं. मी तर डोळे मिटून म्हटलं.

ज्या सुवार्तेपुढे मरण हरलं असं मी सांगत फिरतो, ती एका म्हाताऱ्याच्या पुटपुटण्याने बाटेल, असं मला वाटलं. म्हणजे माझा तिच्यावर विश्वास नव्हताच. मी नुसता फाटकावर पहारा देत होतो.

सगळे गेल्यावर, म्हाताऱ्याने जाताना भिंतीवर ठेवलेली ती माती उचलून मी शांतवनच्या कबरीवर टाकली. पण आता ती भावाच्या हातची राहिली नव्हती.