कारखान्याचा अर्धा भाग भास्करचा होता

मुंबईच्या एका आर्किटेक्ट फर्मनं भास्कर जोगदंडला फसवलं. काम करून घेतलं आणि नाव पुसलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेल्यावर सगळे त्याच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात, आणि तो कशाकशावर शांत राहिला हे कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे सकाळी उठलेच नाहीत..." मुकुंदवाडीच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. मी मात्र आत त्याच्या ड्रॉइंगच्या टेबलापाशीच उभा राहिलो.

मी दौलताबादकडच्या मेंढपाळाच्या घरातला. भाव करायला बाजारात शिकलो, नकाशा वाचायला भास्करनं शिकवलं. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तो आर्किटेक्ट, मी गिऱ्हाईक आणणारा आणि भांडणारा. वाळूजला कारखाने उभे राहत होते त्या दिवसांत तिथल्या एका मोठ्या कारखान्याचं काम मुंबईच्या फर्मला मिळालं. मालकाला इथला माणूसही हवा होता, म्हणून अर्धं काम आमच्याकडं आलं. मशीनची शेड त्यांची. कँटीन, ऑफिस आणि कामगारांचं गेट आमचं. फीमध्ये मी सूट दिली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली, पाटीवर दोन्ही ऑफिसांची नावं. फर्मचे साहेब हसून म्हणाले, "डन."

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. पुठ्ठ्याचं मॉडेल दोन तुकड्यांत केलेलं, एक त्यांच्याकडं, एक आमच्याकडं. कुणी काही बदललं की दुसऱ्याला कळवायचं आणि अधूनमधून दोन्ही जोडून बघायचे, असं ठरलं होतं. जोडल्यावर भास्कर डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवायचा. मी चिडवायचो, "नाडी लागती का?" तो म्हणायचा, "तू गप ऱ्हा, तात्या. डोळे लई लबाड असतात."

मालकासमोरची शेवटची बैठक स्टेशनजवळच्या हॉटेलात ठरली आणि नेमकं त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं शहर बंद. रिक्षा नाही, बस नाही. भास्कर आमचा तुकडा चादरीत बांधून, डोक्यावर घेऊन घरून चालत आला. वाटेत पोलिसांनी अडवलं. "काय आहे रे यात?" "कारखाना," हा म्हणाला. ते सांगताना हॉटेलच्या दारात तो हसत होता, पण त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता...

तुकडे जोडले. भास्करचं बोट सांध्यावर थांबलं. शेड आमच्या जमिनीपेक्षा वर गेली होती. कामगारांचा रस्ता तिच्या दारात जायचा, तो जोत्यावर आपटत होता. साहेब मालकाकडं वळून म्हणाले, "लोकल ऑफिसेसचं असंच असतं. लेव्हल सांभाळता येत नाही." मी उठणार तेवढ्यात भास्करनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मग त्यांचा तुकडा हलकेच उचलून मालकापुढं कडेनं धरला. खालचे थर पिवळे पडलेले, शेडच्या बुडाशी एक थर नवा, पांढराफेक. "ट्रकसाठी जोतं उचललंत साहेब, बरोबरच केलंत. फक्त आम्हाला सांगायचं राहिलं." त्यानं माझं सिगारेटचं पाकीट घेतलं, कापलं आणि त्याचा एक उतार करून सांध्यावर चिकटवला. कँटीनची गाडी ढकलत नेता येईल असा. मालक वाकून बघत म्हणाले, "यही चाहिए."

मॉडेल फोटोसाठी म्हणून मुंबईला गेलं ते परत आलं नाही. दिसलं थेट उद्घाटनाला, कारखान्याच्या हॉलमध्ये, काचेच्या पेटीत. दोन्ही तुकडे जोडलेले, खाली पितळी पाटी. नाव एकच. मी मालकांना विचारलं तर तेच चकित झाले. "आप लोगों ने ही मना किया था ना?" साहेबांना पायऱ्यांवर गाठलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, सध्याचं वातावरण बघताय ना. असलं आडनाव पाटीवर..." त्यांची कॉलर माझ्या हातात होती. भास्करनं ती सोडवली आणि मला ओढत बाहेर नेलं. "विद्यापीठाच्या नावापायी लोकांची घरं जळाली, तात्या. तू माझ्या पाटीचं काय घेऊन बसलास."

काही वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी तो पेढे घेऊन ऑफिसात आला. एक माझ्या हातावर ठेवला आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "एक पाटी लागली. एक राहिली." इतकी वर्षं मला वाटायचं, मीच तेवढा ते धरून बसलोय...

भास्करच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाळूजला गेलो. पेटी तिथंच आहे. वॉचमनला कसंबसं पटवून काच सरकवायला लावली. "काका, हात नका लावू," तो म्हणाला. मी लावला. डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवलं. पाकिटाचा तो उतार अजून पक्का चिकटून आहे, बोट कुठं अडत नाही.

साहेब आता थकलेत, फर्म मुलगा चालवतो. हे दोघांनीही वाचावं. मालकाला "त्यांनीच नाव नको म्हटलं" असं कुणी सांगितलं? त्या पेटीपाशी, वहिनींच्या समोर उभं राहून सांगा. नवी पाटी मी करून आणतो, ती तुमच्या हातानं बसवा. घासाघीस मागं एकदा केली. आता करणार नाही.