शंभूचा भपका

शब्दांचे अर्थ सांगत सुटायची मला खोड आहे. पेडण्याकडच्या आमच्या गावात जन्मभर मराठी शिकवलं, त्याचा हा गुण. गोवा राज्य झालं त्या वर्षी, चवथीच्या सुट्टीआधी, पाचवीच्या वर्गाला मी ‘भपका’ समजावत होतो. “लोकांचे डोळे दिपवायला केलेला पोकळ थाट. लग्नाचा भपका, कपड्यांचा भपका.” मुलांचे चेहरे कोरे. मग जीभ घसरलीच. “आपल्या शंभूची माटोळी!” वर्ग खदखदून हसला.

शंभू माझा शेजारी, माडावर चढून नारळ पाडणारा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून तिला फळं-पानं टांगतात, ती माटोळी. आमच्याकडे नारळ, केळी, सुपारीचा घड, झालं. शंभूकडे शंभर जिन्नस! म्हापशाच्या बाजारातलं त्यात एक नाही. आठ दिवस रान तुडवून आणलेली कवंडळं, कांगणं असली रानफळं, आणखी काय काय. शिवाय येईल त्याला एकेकाचं नाव ऐकवणार. मला तो आगाऊपणा वाटे, खोटं कशाला बोलू?

चवथीच्या दुपारी त्याच्याकडे गेलो. माटोळीला एक नारळ, केळी, सुपारी. बस्स. शंभू मान खाली घालून बसलेला.

“पोरांनी सांगल्यांनी, मास्तर हेका भपको म्हणतत,” त्याची बायको चंद्रावती म्हणाली. “तेव्हापसून ह्येनी कोयतो हातात घेवक नाय.” मग हळूच, “आमका भुरगीबाळां नाय, मास्तर. वर्सभर आमच्या दारात कोण येता? माटोळी बघूक तरी येयत. आज सकाळधरून तुम्हीच पयले.”

मी मेल्याहून मेलो. शब्दाचा अर्थ तोंडपाठ, आणि भिंतीपलीकडचा माणूस मला कळला नव्हता.

“शंभू, ऊठ. कोयता घे. मला रान दाखव.”

“धोतर फाटात, मास्तर.”

“फाटू दे.”

फाटलंच. तिन्हीसांजेपर्यंत टोपली भरली, आणि परतताना मी घरोघरी थांबून पोरांना बजावलं, उद्या शंभूकडे यायचं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चंद्रावती पंचखाद्य वाटून दमली. हलवली की खुळखुळणारी एक शेंग शंभूने माझ्यासमोर धरली. “मास्तर, ह्येचां नाव?”

मला येईना. पोरं हसली, शंभूही हसला.

“घागऱ्यो,” तो म्हणाला. “म्हणा.”

सगळ्या वर्गादेखत मी म्हटलं.