टोपीवाल्या बाबाची खोळ आणि डचांची वाट

मंगळवारी सकाळी भाकरी तव्यावर असताना फोन आला. "मास्तरीणबाई, बाबाची खोळ निघाली! उद्या दिस बुडायच्या आत नवा शेंदूर चढते. येता का?"

मी गॅस बंद केला. या फोनची वाट माझ्या नवऱ्याने अकरा वर्षं पाहिली होती. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं आणि फोन आता आला.

आधी हे सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. बुलढाण्याच्या घाटाखाली, मोताळ्याकडच्या एका गावात हे शिक्षक होते. तिथे वेशीजवळ कमरेएवढा शेंदरी दगड आहे, टोपीवाला बाबा. गाव त्याला सिगारेट वाहतं, कारण तो गोरा साहेब होता म्हणे. एकदा शेंदराचा टवका उडाला आणि ह्यांना आत दगडात कोरलेली टोपीची कड दिसली. तेव्हापासून ते वाचत सुटले आणि मलाही वाचायला लावलं. हा इंग्रज नाही, त्याच्याही आधीचा डच व्यापारी असावा, वाटेत मेला असावा, असं त्यांचं म्हणणं. डचांच्या वाटेवर त्यांनी मोठा लेख लिहिला, पण छापायला पाठवला नाही. "दगड पाहिल्याशिवाय छापायचं नाही," म्हणायचे. दगड खरवडायची गावात सोय नाही. शेंदराचे थर जड झाले की देव आपण होऊन खोळ टाकतो, तेवढीच वेळ. तो लेख मी मोबाईलवर टाइप करून ठेवलाय. तो खरा की खोटा, हे बुधवारी संध्याकाळच्या आत ठरणार होतं.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, एकटी नको जाऊस. ते फोटो पाठवतील." मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी अकरा वर्षं फोटोची वाट पाहिली नव्हती."

बुधवारी सकाळी मेहकरहून पहिली गाडी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, चिखलीवरून बुलढाणा साधारण दोन तास, बायकांना अर्धं तिकीट. बुलढाण्याला उतरून मोताळा-मलकापूर गाडी घ्यायची. डिसेंबरात बुलढाण्याला थंडी बोचते, शाल हाताशी ठेवा. स्टँडवरचा चहा गोडमिट्ट आहे, पण गरम.

दुसऱ्या गाडीत कंडक्टरबाईंनी विचारलं, "माहेरी निघाल्या का मावशी?"

"नाही. एका डच माणसाले भेटाले."

"अगं बाई! कुठं उतरला तो, लॉजवर?"

"वेशीवर. चारशे वर्षं झाले उभा आहे."

बाई हसल्या. मागची म्हातारी म्हणाली, "चारशे वर्ष! मग त्याले बसाले सांगा आधी."

राजूर घाट उतरताना मी खिडकी उघडली. खाली तापीखोऱ्याचा सपाट मुलूख पसरलेला. डच लोक समुद्र ओलांडून लवंग-जायफळासाठी पार पूर्वेच्या बेटांवर गेले. बेटांवरच्या लोकांना मसाल्याच्या बदल्यात आपल्याकडचं सुती कापड हवं असायचं. म्हणून त्यांनी एकीकडे मच्छलीपट्टण आणि दुसरीकडे सुरत इथे वखारी घातल्या. दोन्हीच्या मधली खुष्कीची वाट गोवळकोंड्याहून बुऱ्हाणपूरकडे जायची, म्हणजे वऱ्हाड तुडवूनच. नेमका कोणता घाट उतरले हे मला माहीत नाही. कोणता तरी उतरलेच. आपल्याकडे ते गिऱ्हाईक होऊन आले आणि सुभेदारापुढे वाकले. तिकडे जायफळाच्या बांदा बेटांवर मात्र मालक झाले आणि माणसं कापली. हे वाचून मी ह्यांना विचारलं होतं, "असल्या माणसाची पूजा होते की काय आपल्या गावात?" ते म्हणाले होते, "मेलेला कारकून असेल गं. हिशेब लिहिणारा." मी म्हटलं होतं, "हिशेब लिहिणारेही मोजूनच पाप करतात." दोन दिवस अबोला होता.

फाट्यावर साहेबराव मोटरसायकल घेऊन उभे; फोन त्यांनीच केला होता. दगडाची सेवा त्यांच्या घराकडे. त्यांची आई गंगूबाई दगडाशेजारीच बसलेली होती. निघालेली खोळ फडक्यात बांधून ठेवली होती, नळगंगा नदीत सोडायला.

"मास्तर असते तर नाचले असते," गंगूबाई म्हणाल्या आणि माझा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "पाहून घे आता. मले तर काहीच उमजत नाही."

मी गुडघ्यावर बसले. तेलाने काळा झालेला दगड, त्यात तीन कप्पे. खालच्यात आडवा पडलेला माणूस, त्याच्यामागे गाई. मधल्यात तोच माणूस ढाल-तलवार घेऊन. वरच्यात हात जोडून बसलेला, आणि समोर महादेवाची पिंड. ज्या कडेला आम्ही अकरा वर्षं टोपी म्हटलं, ती पिंडीची शाळुंका होती. अक्षर एकही नाही. मी चारही बाजूंनी बोट फिरवून पाहिलं, दोनदा.

हा वीरगळ होता. गाई वाचवताना मेलेल्या कुणा गावकऱ्याचा दगड, डचांच्या कितीतरी आधीचा.

"काऊन गप झाल्या?" साहेबराव म्हणाले.

गप राहता आलं असतं. संध्याकाळी शेंदूर चढणार होता, मग कुणाला काय कळलं असतं? पण मी सांगितलं, एकेक कप्पा बोटाने दाखवून.

गंगूबाई दगडाकडे वाकल्या. "म्हंजे आपलाच माणूस निघाला!"

"हाव."

"मंग सिगारेट बंद कराव का आता?" साहेबरावांनी विचारलं.

"चूप बे! इतके वर्ष पेली त्यानं, आता कशी सुटन?" गंगूबाईंनी दटावलं.

तिघंही हसलो. माझं हसू मध्येच तुटलं. गंगूबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर आणि वांग्याचं भरीत जेवले. पैशाचं नाव काढलं तर गंगूबाई रागावल्या. नवा शेंदूर चढलेला पाहून शेवटची गाडी धरली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी उत्साहाने खरवडायला जाऊ नये.

घरी आल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "राहू दे ना जसं आहे तसं. बाबांचं लिखाण आहे, कोण तपासणार?"

"ते तपासत होते," मी म्हटलं.

ह्यांच्या हाताखालून आयुष्यभर पोरांच्या वह्या गेल्या. माझ्या यादीतलंसुद्धा शुद्धलेखन सुधारायचे. त्यांच्या लिखाणाला मी कधी हात लावला नव्हता. गुरुवारी लेखातली दगडाबद्दलची शेवटची पानं काढून टाकली. वाट ठेवली, वखारी ठेवल्या, बांदाचा परिच्छेद माझ्याकडून घातला, आणि खाली लिहिलं की दगड पाहिला, तो डचांचा नाही. वर नाव त्यांचंच.

सगळं एकदा मोठ्याने वाचलं. पूर्वी मी वाचताना चुकीच्या जागी थांबले की ते आतल्या खोलीतून आवाज द्यायचे. मग लेख छापायला पाठवून टाकला.